क्रूझच्या आधीचं स्वस्त विमान आणि १५ किलोचा हिशेब

खानापूरची सून

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, मुलगी आणि सासू-सासरे. क्रूझचे पैसे भरून झाले, विमानाची तिकिटं अजून काढायची आहेत आणि गाडं तिथंच अडलंय.

बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून सकाळच्या विमानानं बंगळूर, तिथून स्वस्तातल्या विमानानं सिंगापूर, असा विचार आहे. दोन तिकिटं वेगवेगळी काढली तर पाच माणसांमागं बरेच पैसे वाचतात. पण बेळगाव-बंगळूरला माणशी १५ किलो आणि पुढच्या सर्वांत स्वस्त भाड्यात चेक-इनचं, म्हणजे विमानाच्या पोटात जाणारं सामानच नाही, नुसती हातातली बॅग. जहाजवाले मात्र कपड्यांची यादी देऊन बसलेत. एका रात्री ठेवणीतले कपडे, पोहायचे वेगळे, किनाऱ्यावर उतरायचे वेगळे.

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रावर जाणार आहेत. त्यांच्या साड्या काढून ठेवून झाल्या, फराळाचे डबेही ठरले. त्यांचा उत्साह बघून 'एवढं नको' म्हणायला जीभ उचलत नाही. सामानाचा हिशेब कुठून धरायचा, कुणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा. घाईत काही ठरवायचं नाहीये.

मलप्रभाकाठ

ताई, तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं. सामान बॅगेत भरताना नाही, तिकीट काढतानाच ठरतं.

आधी जहाजाची काळजी मनातून काढून टाका. मोठ्या जहाजांना वजनाचं काही वाटत नाही. रॉयल कॅरिबियनसारखी कंपनी माणशी सुमारे ९० किलोपर्यंत सामान चालवून घेते, आणि एवढं कोण नेतंय! जाता-येता जेवढी विमानं लागतील त्यांतली सगळ्यात कमी मर्यादा कुठली, ते शोधा. तुमचं सामान तेवढंच. तिकिटं वेगळी असतील तर पुढचं विमान ३० किलो देत असलं तरी सांब्र्याच्या काउंटरवर १५ च मोजणार. येतानाही तेच.

दुसरं, वेगळ्या तिकिटांचा अर्थ नीट समजून घ्या. बेळगावहून सिंगापूरपर्यंत एकाच पीएनआरवर तिकीट असेल, तर बेळगाव-बंगळूरच्या टप्प्यालाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचीच मर्यादा लागते. ती बहुधा २० ते ३० किलोंच्या घरात असते, भाड्याचा प्रकार आणि मार्ग बघून. तिकिटं वेगळी काढलीत की पहिल्या विमान कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त बंगळूरचे प्रवासी. १५ म्हणजे १५.

म्हणून एकत्र तिकिटाचा भाव एकदा काढून बघा. वेगळ्या तिकिटांत जे वाचतंय त्यातून दोन्ही टप्प्यांवरच्या जादा किलोंचे पैसे वजा करा. मगच स्वस्त कुठलं ते कळेल.

शहापूर विणकर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. बंगळूरच्या अदलाबदलीचं तेवढं सांगतो.

तिकिटं वेगळी असली की सामान थेट सिंगापूरला जात नाही. बंगळूरला पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, बाहेर यायचं, आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या टर्मिनल २ ला जायचं, पुन्हा रांग, पुन्हा वजन. तुमचं पहिलं विमान टर्मिनल १ ला उतरलं तर मधे शटल बस आली. दोन वयस्कर माणसं आणि पाच जणांच्या बॅगा म्हटल्यावर हे काम अर्ध्या तासाचं नाही. आंतरराष्ट्रीय काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो. त्यात बेळगावचं विमान उशिरा आलं, तर वेगळ्या तिकिटावर पुढच्या कंपनीची काही जबाबदारी नाही. दोन विमानांमध्ये पाच-सहा तास ठेवा. आणि सासऱ्यांच्या गुडघ्यांचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. तिला पैसे पडत नाहीत.

निपाणीकर

बंगळूरपर्यंत विमानच कशाला पाहिजे? रेल्वेनं जावा की ओ.

रात्रीची राणी चन्नम्मा सकाळी बंगळूरला सोडते. थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान फुकट, टू-टायरला ५०. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारतही झाली. पहाटे निघून दुपारी बंगळूर. स्टेशनजवळच्या मॅजेस्टिकहून विमानतळाला वायुवज्र बस आहे. १५ किलोची अडचण मुळातच मिटली, राहिली फक्त सिंगापूरच्या विमानाची मर्यादा.

आमच्याकडनं परदेशी जाणारी बहुतेक मंडळी आता असंच करतात. रात्री गाडीत झोपायचं, सकाळी बंगळूरच्या पाहुण्यांकडं आंघोळ-जेवण, आणि संध्याकाळचं नाहीतर रात्रीचं विमान.

खानापूरची सून

निपाणीकर दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. सासऱ्यांना रेल्वे आवडतेही. फक्त वरचा बर्थ त्यांना जमणार नाही.

निपाणीकर

ज्येष्ठ नागरिकांना खालचा बर्थ मिळावा अशी सोय आरक्षणातच आहे, फक्त वय बरोबर भरा. पाचही जणांचं एकत्र काढण्याऐवजी त्या दोघांचं तिकीट वेगळं काढलंत तर खालचे बर्थ मिळायची शक्यता जास्त.

राकसकोप

रेल्वे सगळ्यांना सोसत नाही. आमच्या घरी कमरेचं दुखणं आहे, आम्ही विमानच घेतो. म्हणून विमानानं जाणाऱ्यांसाठी थोडं.

बेळगावला मोठी विमानंच येतात असं नाही. इंडिगोचं एटीआर लागलं तर ते ७८ जणांचं, स्टार एअरची एम्ब्रेअर ५० ते ७६ जणांची. आत डोक्यावरचे कप्पे लहान असतात. ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरची चाकांची बॅग नियमात बसते, पण कप्प्यात मावेलच असं नाही. मावली नाही तर विमानाच्या दारापाशी टॅग लावून खाली ठेवायला घेतात. त्यामुळं त्या बॅगेत औषधं, दागिने, पासपोर्ट, पैसे ठेवू नयेत. ते सगळं खांद्यावरच्या लहान पिशवीत.

आणि हातातली बॅग एकच, हा नियम विमान कंपनीच्या काउंटरपुरता नाही. नागरी विमान सुरक्षा विभागाचा आहे, सुरक्षा तपासणीतही बघतात. बायकांची पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी वेगळी चालते. फराळाची कापडी पिशवी तिसरी म्हणून चालत नाही.

बंगळूरस्थ बेळगावकर

आता पुढच्या टप्प्याचं. 'हातातली बॅग' म्हटली तरी प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा आहे. इंडिगोत ७ किलोची एक बॅग आणि शिवाय लहान पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी. एअरएशियाने क्वालालंपूरमार्गे गेलात तर दोन नग मिळून ७ किलो. चेन्नईहून स्कूट घेतलंत तर दोन नग मिळून १०. एअर इंडिया एक्स्प्रेसचं 'लाइट' भाडं म्हणजे चेक-इन शून्य. या कंपन्या परदेशी विमानतळांवर गेटपाशीसुद्धा हातातली बॅग काट्यावर ठेवतात. तिथं निघालेल्या जादा किलोला जो दर लागतो तो सगळ्यात महाग.

चेक-इनचं सामान घ्यायचंच असेल तर तिकिटाबरोबरच घ्या. त्यानंतर वेबसाइटवर घेतलंत तर थोडं महाग, विमानतळावर त्याहून महाग.

माझं मत असं, की पाचही जणांना चेक-इन सामान घ्यायची गरज नाही. तीन जणांना २०-२० किलो घ्या, बाकी दोघं नुसत्या हातातल्या बॅगेवर. ६० किलो झाले. चार रात्रींच्या जहाजाला आणि पुढं-मागं एकेक दिवस धरून पाच माणसांना ते पुरून उरतात. फक्त सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर हवं, आणि वजन एकत्र धरतात का ते त्या कंपनीच्या नियमात वाचून घ्या. एकत्र धरत असले तरी एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या वर जाता कामा नये. उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठीचा तो नियम आहे, पैसे भरूनही सुटत नाही.

चंदगडी

तुमचं ठरलंय हे माहीत आहे, पण धागा इतरही वाचतील म्हणून लिहितो. विमानच नको असेल तर मुंबईहून निघणारी क्रूझ बघा. कॉर्डेलियाचं जहाज बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून गोवा, कोची, लक्षद्वीपकडं जातं. बेळगाव-चंदगड भागातून रात्रीच्या बसनं किंवा चालुक्य एक्स्प्रेसनं मुंबई. ना १५ किलो ना ७ किलो. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना पहिल्यांदा समुद्रावर नेलं ते असंच, आणि सामानाचा विषय एकदाही निघाला नाही.

कारवार कोळीवाडा

चंदगडी, बरोबर आहे. फक्त सुटताना मुंबई आणि उतरताना दुसरं बंदर अशी एकमार्गी क्रूझ घेतली तर परतीला विमान येतंच, आणि त्याची मर्यादा मग जातानाही पाळावी लागते.

ताईंनी वेगळ्या विमानतळाचाही विचार करावा. बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याचं मोपा किंवा दाबोळी, नाहीतर हायवेनं हुबळी. गोव्याहून उड्डाणं जास्त, त्यामुळं एकाच पीएनआरवर सिंगापूरपर्यंतचं तिकीट मिळायची शक्यताही जास्त. पावसाळ्यात चोर्ल्याचा भरवसा धरू नये, दिवाळीनंतर रस्ता बरा असतो.

टिळकवाडीची मावशी

सून बाई, तुमच्या सासूबाईंच्या साड्यांबद्दल लिहिते, कारण खरा प्रश्न तिथं आहे आणि पुरुष मंडळी तो सोडून बाकी सगळं सांगताहेत.

त्यांना 'कमी घ्या' म्हणू नका. काटा आणा आणि त्यांच्याच हातात द्या. खडे बाजारात हुकाचा डिजिटल काटा सहज मिळतो. नाहीतर घरचा वजनकाटा घ्यायचा, आधी आपण उभं राहायचं, मग बॅग धरून उभं राहायचं, फरक तेवढं वजन. माझ्या आईच्या वेळी आम्ही पलंगावर एकेक वस्तू ठेवून वजन केलं. काठापदराची रेशमी साडी पाऊण किलोच्या आसपास भरली. तिच्याबरोबरचा परकर आणि अस्तराचा ब्लाऊज धरला की एका नेसण्याचा एक किलो होतो. सुती साडी त्याच्या निम्मी. सिंथेटिक त्याहून हलकी, शिवाय रात्री धुऊन बाथरूममध्ये टाकली तर सकाळी वाळते. आईनं स्वतःच चार रेशमी परत कपाटात ठेवल्या. आम्हाला तोंड उघडावं लागलं नाही.

ठेवणीतल्या कपड्यांच्या रात्रीला एक रेशमी साडी पुरे. बाकी दिवसांना त्यांना सवयीच्या सुती. डेकवर वारा फार असतो, तिथं पदर सांभाळत चालणं वयस्कर बाईला त्रासाचं, म्हणून पिना भरपूर घ्या. आतले हॉल एसीमुळं गार असतात, पातळ शाल हवीच. पायात रबरी तळाची चप्पल, ओल्या लाकडावर घसरत नाही. टॉवेल, साबण, शाम्पू, केस वाळवायचं यंत्र सगळं केबिनमध्ये असतं, ते इथून न्यायचं नाही.

आणि बॅग. बॅगेचंच वजन कुणी धरत नाही. मोठी कडक सुटकेस रिकामी चार-साडेचार किलोची असते, म्हणजे १५ पैकी साडेदहाच हातात राहिले. कापडी बॅग दीड-दोन किलोची मिळते. पांगुळ गल्लीत बघा, पण हातात धरून उचलून बघा, नुसतं चाक फिरवून घेऊ नका.

खानापूरची सून

मावशी, तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, 'काटा उद्याच आण.' खूप खूप आभार.

फराळाचं मात्र त्या सोडायला तयार नाहीत. सासऱ्यांना मधुमेह आहे, वेळेला काहीतरी तोंडात लागतं. शिवाय सिंगापूरला सासूबाईंची भाची असते, तिच्यासाठी कुंदा, मांडे, करदंट अशी आपल्याकडची मिठाई न्यायचं म्हणताहेत. आणि माझा स्वतःचा प्रश्न, चहासाठी छोटी केटल नेऊ का?

बंगळूरस्थ बेळगावकर

केटल नको. इस्त्री, केटल, पाणी तापवायचा रॉड, या वस्तू आगीच्या धोक्यामुळं जहाजावर चालत नाहीत. चढताना सामान एक्स-रेमधून जातं, तिथं काढून घेतात आणि उतरताना परत देतात. तेवढा किलो फुकट वाहायचा. चहाचं गरम पाणी बुफेत दिवसभर मिळतं, चहा-साखरेची पाकिटं न्या.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही, हातातल्याच. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, नेहमीची २०,००० एमएएच त्यात बसते. स्कूट आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानांत एप्रिल २०२५ पासून तिच्यावर फोन चार्ज करायला बंदी आहे, नुसती जवळ ठेवायची.

मलप्रभाकाठ

सासऱ्यांच्या मधुमेहाबद्दल. गोळ्या, इन्सुलिन, साखर तपासायचं यंत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं हातातल्या पिशवीत. चेक-इनमध्ये अजिबात नाही. विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठू शकतं, आणि बॅग मागं राहिली तर जहाज कुणासाठी थांबत नाही.

जहाजावर चढतानाही हेच. बंदरावर मोठ्या बॅगा हमालांकडं द्यायच्या असतात, त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येतात. तोवर दुपारचं जेवण, गोळ्या, बदलायचे कपडे, मुलीला पोहायचं असेल तर तिचा पोशाख, सगळं जवळ हवं. विमानातली ७ किलोची बॅग आणि जहाजावरची पहिल्या दिवसाची बॅग एकच धरून भरलीत की दोन्हीकडं भागतं.

शहापूर विणकर

माझ्या मेहुण्यांची बॅग एकदा मधल्या विमानतळावर राहिली आणि दुसऱ्या दिवशी आली. ते क्रूझच्या आदल्या दिवशीच पोचले होते म्हणून निभावलं. त्यामुळं जहाज सुटायच्या दिवशी सकाळी सिंगापूरला उतरायचं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. एक रात्र आधी पोचा. तुमचं जहाज मरिना बे क्रूझ सेंटरवरून सुटत असेल तर ते मरिना साउथ पिअर मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हॉटेल त्या लाइनवर बघा.

बॅग आली नाही किंवा फुटली तर पट्ट्यापाशीच लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या, ती घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू आहे. सामानाचं नुकसान झालं असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत लेखी मागणी करावी लागते. प्रत्येक बॅगेत सगळ्यांचे थोडे थोडे कपडे ठेवा, म्हणजे एक बॅग मागं राहिली तरी कुणी एकटा उघड्यावर पडत नाही.

निपाणीकर

आमच्या भागातल्या लोकांना एक कळकळीनं सांगतो. तंबाखू, मिश्री, गुटखा, व्हेप, काहीही खिशात राहू देऊ नका. चघळायची तंबाखू आणि व्हेप दोन्हीवर सिंगापुरात बंदी आहे. सिगारेटला करमाफी नाही, एक पाकीटसुद्धा जाहीर करावं लागतं. च्युइंग गमही नेऊ नका. घरातल्या आजोबांच्या कोटाचे, बंडीचे खिसे निघायच्या आधी स्वतः तपासा. सवयीनं पुडी राहून जाते आणि परमुलखात म्हाताऱ्या माणसाला चौकशीला उभं राहावं लागतं.

टिळकवाडीची मावशी

फराळाचं सांगते.

जहाजावर घरचे पदार्थ बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली कोरडी पाकिटं चालतात. म्हणजे घरच्या चिवड्याचा डबा सिंगापूरच्या हॉटेलातच संपवायचा, सासऱ्यांसाठी जहाजावर बिस्किटं आणि भाजलेल्या चण्यांची बंद पाकिटं. जहाजावर शाकाहारी जेवण भरपूर असतं, आधी कळवलं तर मधुमेहाचंही बघतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात हातातही नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत ठेवू नका. सांब्र्याला एखाद्या वेळेस सुटेल, पण बंगळूरच्या आंतरराष्ट्रीय तपासणीत १०० मिलीच्या वरचं पातळ काहीही काढून टाकतात.

भाचीसाठी कुंदा नको. फ्रिजशिवाय फार दिवस टिकत नाही. मांडे वजनाला काहीच नाहीत, पण बॅगेत चुरा होतो. पसरट स्टीलच्या डब्यात कागद घालून हातात नेले तर पोचतात.

कारवार कोळीवाडा

मावशींना एक पुरवणी. खसखस! सिंगापुरात खसखस परवानगीशिवाय नेता येत नाही, अफूच्या झाडाचं बी म्हणून ती तिथल्या अमली पदार्थ विभागाच्या अखत्यारीत येते. आपल्याकडं अनारशांवर, करंजीच्या सारणात, मांड्यांच्या पिठीसाखरेत, करदंटातसुद्धा घालतात, आणि घालणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही.

टिळकवाडीची मावशी

हे फार मोलाचं सांगितलंत. सून बाई, म्हणजे करदंट घेताना पाकिटावरचे घटक वाचा, सुटं घेऊच नका. आणि मांडे घेणार असाल तर दुकानदाराकडं आदल्या दिवशी बिनखसखशीचे सांगून ठेवा, करून देतात.